डाव्या बाजूचा ब्रेक

मी, खाली सही करणारी, वय अठ्ठावन्न वर्षे, धंदा घरबसल्या कपडे अल्टर करून देण्याचा, राहणार कालव्यापलीकडची वसाहत, शेवटच्या रांगेतले कोपऱ्यावरचे, पत्र्याची शेड असलेले घर. आज सकाळी मी आपण होऊन चौकीत आले आहे. मला कोणी बोलावलेले नाही आणि कोणी पढवून पाठवलेले नाही. समक्ष बसून सांगते ते असे.

वरील पत्त्यावर मी एकटी राहते. माझे पती लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होते. निवृत्तीनंतर घरीच असत. या वर्षी उन्हाळा लागता लागता ते हृदयाच्या झटक्याने वारले. एक मुलगा आहे, तो नोकरीनिमित्त दुसऱ्या शहरात असतो. बोलताना मी पतींना 'हे' म्हणते. लिहून घेणारे साहेब 'हे म्हणजे कोण' असे विचारून दोनदा थांबले, म्हणून आधीच सांगून ठेवते की पुढे जिथे 'हे' येईल तिथे माझे पती समजावेत. इतक्या वर्षांची जिभेची सवय एका जबाबापुरती मोडणार नाही.

आमच्याकडे एक जुनी चारचाकी आहे. ती आज मी चौकीच्या फाटकात उभी केली आहे. रंग राखाडी. पूर्वी पांढरा होता, त्याचे पुढे सांगते. घरात तिला मी सवत म्हणत असे, कारण सुट्टीच्या दिवशी हे माझ्याऐवजी तिच्याखाली पडलेले असत. गाडीत काय काय फेरफार केले ते सांगा, असे साहेबांनी विचारले. सगळे सांगायचे तर कागद पुरणार नाहीत. डॅशबोर्डखाली माझ्या मोडलेल्या शिलाई मशीनचा ड्रॉवर बसवला होता, त्यात यांचा चष्मा आणि माझ्या गोळ्या असत. मागच्या सीटवर बसणाऱ्याला वारा लागावा म्हणून कॉम्प्युटरमधला पंखा लावला होता. हॉर्नला लिफ्टचे बटण होते. दाबले की ते लाल पेटायचे, आणि पाहुणे मंडळी उगाचच दाबून बघायची. पडदे आणि सीटची कव्हरे माझ्या हातची. आमच्या घरात कुठलीही वस्तू तिच्या मूळ कामावर नसते, असे मुलगा म्हणायचा ते खरे होते.

यांना काही टाकून देववत नसे. भर रस्त्यात गाडी थांबवून खाली पडलेला नट उचलताना मी यांना पाहिले आहे. मागची वाहने हॉर्न मारत असायची आणि हे नट बोटांत फिरवत म्हणायचे, "अगं, आटे बघ किती शाबूत आहेत!" साहेब म्हणाले, मुद्द्याचे सांगा. हाच मुद्दा आहे, तो नीट लिहून घ्यावा.

दुसरी गोष्ट माझ्या पायाची. हे गाडी चालवायचे तेव्हा शेजारी बसून मी पाय खाली दाबत असे. समोर म्हैस दिसो की ट्रक, माझा पाय आपसूक ब्रेक मारायचा, आणि तिथे ब्रेक नसायचाच. माझी उंची कमी. सीटवर बसले की टाचा जमिनीला टेकत नाहीत, त्यामुळे मी अर्धी घसरून पाय दाबायची. हे हसायचे. म्हणायचे, "तुझ्या बाजूलाही एक ब्रेक बसवून देतो, म्हणजे एकदाचा तुझा जीव भांड्यात पडेल." मी म्हणायचे, "बसवाच. तुमच्यापेक्षा बरी चालवीन." ही आमची थट्टा कित्येक वर्षे चालली होती आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही ती पाठ होती.

गेल्याच्या आधीच्या हिवाळ्यात मुलगा चार दिवसांसाठी आला होता. परत जाताना त्याची पहाटेची बस होती. हे त्याला स्टँडवर सोडायला एकटेच गेले. धुके खूप होते, दारातून अंगणातली तुळससुद्धा दिसत नव्हती. तासाभरात परत यायला हवे होते. उजाडून ऊन वर आले तरी आले नाहीत. त्या दिवशी आमच्या वसाहतीला पाणी आले नाही, म्हणून तो दिवस माझ्या पक्का लक्षात आहे. पहाटे येणारे पाणी आले नाही आणि माझ्याकडे गिऱ्हाइकाचे कपडे भिजवलेले होते. मी रिकामी बादली घेऊन दारात उभी राहून पाणी सोडणाऱ्या माणसाला शिव्या घालत होते. शेजारीणही घालत होती.

तेवढ्यात हे आले. गाडी रस्त्यावर न थांबता सरळ शेडमध्ये गेली. हे बाहेर आले तेव्हा कमरेपर्यंत ओले आणि चिखलाने भरलेले होते. म्हणाले, कालव्याच्या रस्त्याला धुक्यात दगडाला घासली, गाडी बाहेर काढताना पाय घसरला. मग अंगणातल्या नळाखाली हात धरून उभे राहिले. नळाला पाणी नव्हते. यांना ते कळत नसावे, कारण हात तसेच धरून उभे होते. मी म्हणाले, "अहो, पाणी नाही आलेलं. तो मेला कुठे उलथलाय कोण जाणे." त्यावर हे म्हणाले, "अगं, त्याला नको बोलूस." एवढेच. मी पिण्याच्या पाण्याचा तांब्या आणून यांच्या हातावर ओतला. चांगले म्हणून सांगता येईल असे आम्हा दोघांकडून त्या दिवशी एवढेच घडले.

त्यानंतर गाडी बरेच दिवस शेडमध्येच होती. यांनी पुढचा बंपर बदलला, डाव्या बाजूचा दिवा बदलला, आणि सगळी गाडी स्वतः ब्रशने राखाडी रंगवली. मी म्हणाले, पांढरा काय वाईट होता? तर म्हणाले, धुक्यात पांढरी गाडी दिसत नाही. ते मला पटले. राखाडी तरी कुठे दिसते, हे तेव्हा माझ्या डोक्यात आले नाही.

एका दुपारी यांनी मला शेडमध्ये बोलावले आणि गाडीचे डावे दार उघडून दाखवले. माझ्या बाजूला, पायाशी, एक लोखंडी पट्टी बसवली होती. पट्टीच्या टोकाला सायकलचे पेडल आणि पेडलवर जाड लाकडी ठोकळा, वरून टायरचे रबर. माझा पाय पोचावा म्हणून यांनी ठोकळा लावला होता. पट्टीपासून लिफ्टमधली बारीक तार खालून यांच्या बाजूच्या ब्रेकपर्यंत नेली होती. मी बसून पाहिले. आयुष्यात पहिल्यांदा त्या सीटवर माझा पाय कशावर तरी टेकला. मला हसू फुटले आणि डोळ्यांत पाणीही आले. मी म्हणाले, "झाला का जीव भांड्यात?" यांना हसू आले नाही. म्हणाले, "आता खरंच दाब. वाटलं की दाब. मला विचारू नकोस." पेडल सायकलचे आहे हे मला तेव्हाही दिसत होते. पण आमच्या घरात शिलाई मशीनचा ड्रॉवर गाडीत होता आणि लिफ्टचे बटण हॉर्नला होते. सायकलच्या पेडलाचे काय नवल वाटणार?

त्या दिवसापासून हे एकटे कधीही गाडी घेऊन गेले नाहीत. कोपऱ्यावरच्या दुकानात जायचे तरी मला शेजारी बसवायचे. निघण्याआधी म्हणायचे, "पाय ठेवलास?" मी ठेवला म्हटले की मगच किल्ली फिरवायचे. म्हातारपणी प्रेम उतू चाललंय, असे मी शेजारणीला सांगितले होते. कालव्याचा रस्ता यांनी सोडला. दवाखान्यात जायचे तरी बाजारातून लांबच्या वळणाने जात. खड्डे फार आहेत म्हणायचे. मला गाडी चालवायलाही यांनी त्याच काळात शिकवले आणि लायसन्स काढायला लावले. पण मी चालवत असताना हे शेजारी बसत नसत, मागे बसत. एकदा मात्र शेडमध्ये चहा द्यायला गेले तेव्हा हे बंद गाडीत डाव्या सीटवर बसले होते. दोन्ही पाय वर सीटवर घेतले होते, खाली पाणी साचले की आपण घेतो तसे. मला पाहून म्हणाले, "काही नाही, कव्हर बघत होतो."

दवाखान्यात शेवटच्या दिवशी हे बोलत नव्हते. डावा पाय मात्र गादीत दाबत होते, सोडत होते, पुन्हा दाबत होते. नर्स म्हणाली, "काका, पाय सैल सोडा." यांनी सोडला नाही. मला वाटले, माझी खोड यांना लागली. मी पायावर हात ठेवून बसले होते.

हे गेल्यावर मुलगा गाडी विकायला सांगत होता. मी नाही म्हणाले. गिऱ्हाइकांचे कपडे पोचवायला तिचा उपयोग होता आणि सवत असली तरी घरातले दुसरे माणूस तेवढेच उरले होते. पाऊस सरल्यावर एका दुपारी मी पहिल्यांदा एकटी कालव्याच्या रस्त्याने निघाले. यांच्या खड्ड्यांची आठवण झाली, पण रस्ता चांगला गुळगुळीत होता. पंपहाऊसच्या अलीकडे विजेचा एक सिमेंटचा खांब आहे. त्या खांबाजवळ डाव्या बाजूचे पेडल खाली गेले आणि गाडी थांबली.

कसे खाली गेले ते साहेबांनी विचारले. एकदम नाही गेले. अंधारात जिन्याची पायरी चाचपावी तसे थोडे गेले, थांबले, आणि मग पुरते गेले. शेजारी कोणी नव्हते. सीटवर गिऱ्हाइकाच्या तीन पँटी घडी करून ठेवल्या होत्या. थोड्या वेळाने पेडल वर आले आणि गाडी चालू झाली. तार अडकली असेल असे मी मनाला सांगितले.

दुसऱ्या दिवशी नाक्यावरच्या गॅरेजमध्ये गाडी दाखवली. मेकॅनिक खाली शिरला आणि बराच वेळ हसत होता. म्हणाला, "काकू, काकांनी काय एकेक कारभार करून ठेवलाय! लिफ्टची तार आहे ही, हत्ती लटकला तरी तुटायची नाही." त्याने ती तार दोन्हीकडून सोडवली आणि वेटोळे करून माझ्या हातात दिली. "आता तुमच्या बाजूचा ब्रेक नुसता शोभेचा. वर नाचलात तरी गाडी थांबणार नाही." तार मी घरी नेऊन यांच्या डब्यात ठेवली. ती आज सोबत आणली आहे. मेकॅनिकला विचारून खात्री करून घ्यावी.

त्यानंतर मी पुन्हा त्या रस्त्याने गेले. खांबाजवळ पेडल खाली गेले आणि गाडी थांबली. माझा पाय त्या वेळी ब्रेकवर नव्हता. वेग द्यायच्या पेडलवर होता, आणि मी तो दाबत होते. इंजिन ओरडत होते आणि गाडी जागची हलत नव्हती. या ठिकाणी साहेबांनी 'मला संशय आला' असे लिहिले होते. मला संशय आला नाही. मला भीती वाटली. दार उघडून पळून जावे असे वाटले. पण उतरायचे तर त्या रस्त्यावर उतरायचे, तेही नको वाटत होते. तसे लिहावे असे मी सांगितले व त्यांनी तसे लिहिले आहे.

कालव्याचा रस्ता सोडून लांबच्या वळणाने जाणे मला सहज शक्य होते. हेही तेच करत होते, हे त्या वेळी माझ्या लक्षात आले. म्हणूनच मी परवा दुपारी मुद्दाम त्याच रस्त्याने गेले. गाडी थांबली. या वेळी मी इंजिन बंद करून खाली उतरले.

खांबापाशी एक बाई कागद चिकटवत होती. वय चाळिशीच्या आतबाहेर, दवाखान्याच्या धुलाईखान्यातला निळा गणवेश. जुना कागद पावसाने धुऊन निघाला होता, त्यावर ती नवा लावत होती. कागदावर एका माणसाचा फोटो होता आणि वर 'हरवले आहेत' असे होते. ती म्हणाली, "काकू, गाडी बिघडली का?"

मी म्हणाले, "बिघडली नाही, थांबली. हा कोण गं?"

"माझा दादा. पंपहाऊसवर होता, पाणी सोडायचा. तुमच्या वसाहतीला पण तोच सोडायचा. गेल्याच्या आधीच्या हिवाळ्यात पहाटे ड्युटीला निघाला तो पोचलाच नाही. लोक म्हणतात कंटाळून गेला असेल निघून. दादाचा डावा पाय जन्मापासून आखूड, काकू. त्याला नाक्यापर्यंत चालायचा कंटाळा. तो कुठे निघून जाणार?"

काहीतरी बोलायचे म्हणून मी विचारले, "मग इतक्या लांब ड्युटीला कसा जायचा?"

"सायकलवर. पाय पोचायचा नाही म्हणून डाव्या पेडलला मी ठोकळा करून दिला होता. आमच्या मोडक्या स्टुलाचा पाय कापला आणि ठोकला. चौथा खिळा माझ्या हातून वाकडा गेला. म्हटलं, काढून परत मारते. तर म्हणाला, असू दे, ती तुझी सही आहे." ती हसली. "वरून टायर लावला त्याने, मग झाकला गेला. सायकल सापडली असती तरी काहीतरी कळलं असतं ना? ती पण नाही."

त्यानंतर ती आणखी काही बोलली, ते मला ऐकू आले नाही. मी गाडीच्या डाव्या दाराकडे पाहत होते. तिने विचारले, "दवाखान्यापर्यंत सोडाल का?" आणि तिने पुढच्या दाराला हात घातला. मी म्हणाले, "पुढची सीट मोडली आहे, मागे बस." सीट मोडलेली नव्हती. हे मी खोटे बोलले.

ती मागे बसली. पंखा लागल्यावर तिला गंमत वाटली. म्हणाली, "काकांनी केलंय का हे सगळं? दादालाही असले उद्योग फार आवडायचे. दोघांचं चांगलं जमलं असतं." मी हो म्हणाले. दवाखान्याचे फाटक आले तेव्हा मी ब्रेक लावायच्या आधीच डाव्या बाजूचे पेडल खाली गेले. गाडी अगदी फाटकासमोर, हळूच, धक्का न लागता थांबली. ती उतरली, 'येते हं काकू' म्हणाली आणि आत गेली. ती दिसेनाशी होईपर्यंत पेडल खाली होते. मग ते वर आले.

साहेबांनी विचारले की पेडल कोण दाबत होते असे माझे म्हणणे आहे. माझे म्हणणे काही नाही. मी घडले तेवढे सांगते. फक्त एक ठामपणे सांगते की तो पाय यांचा नव्हता. यांनी ब्रेक मारला की माझ्या पोटातले पाणी हलायचे. आयुष्यभर त्यावरून भांडले आहे, मला तो पाय माहीत आहे.

घरी आल्यावर मी शेडचे दार लावून घेतले आणि शिलाई उसवायच्या हत्याराने ठोकळ्यावरचे रबर एका कडेने सोडवले. खाली लाकूड होते. चार खिळे होते. तीन सरळ आणि चौथा वाकडा जाऊन आडवा ठोकलेला. पाना लावून पेडल पट्टीपासून सोडवले आणि ठोकळा पालथा करून पाहिला, तर एका अंगाला स्टुलाचा जुना हिरवा रंग होता. ती हिरव्या रंगाचे काही बोलली नव्हती. तिला विचारावे.

हे पेडल यांच्याकडे कसे आले ते मी पाहिलेले नाही. पण मी यांचा हात ओळखते. काय झाले ते झाल्यावर, धुक्यात, तशा अवस्थेतही, रस्त्यावर पडलेली धड वस्तू दिसल्यावर यांचा हात तिच्याकडे गेला असणार. उचलून गाडीत टाकली असणार आणि घरी आल्यावरच कळले असणार की आपण काय उचलून आणले. तेव्हाच कालव्यात टाकले असते तर आज मी इथे बसले नसते. यांना टाकून देववले नाही. मग ते माझ्या पायाखाली का बसवले, असे साहेबांनी विचारले. मला सांगता येत नाही. इतकी वर्षे संसार केला, तरी सांगता येत नाही. यांना आपल्या पायाचा भरवसा उरला नव्हता आणि दुसऱ्या कोणाचा तरी पाय ब्रेकवर हवा होता, एवढे मला समजते. त्याच पेडलवर का, हे समजत नाही. या गोष्टीचा मला यांचा अतिशय राग आला आहे. हे लिहावे.

त्याच संध्याकाळी मुलाला फोन केला. त्याने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, "आई, बाबा गेले. आता त्यांना कशाला उभं करतेस लोकांसमोर? एक सायकलचं पेडल, एक लाकडाचा तुकडा. टाकून दे आणि गाडी भंगारात घाल. कोण येणार आहे विचारायला?" मी म्हणाले, "त्या दिवशी स्टँडवर तुला सोडलं तेव्हा बंपर धड होता ना?" त्याने मला प्रश्न पुन्हा विचारायला लावला. मग म्हणाला, "धड होता." तो त्याच्या बाबांचा फार लाडका होता. त्याला बोलावून त्याचाही जबाब घ्यावा लागेल, हे साहेबांनी मला सांगितले आहे आणि मी त्याला तसे कळवले आहे. तो रडत होता.

पेडल टाकून देणे मला जमले असते. मी यांच्यासारखी नाही, मी चिंध्या रोज टाकते. कालचा सगळा दिवस मी ते समोर ठेवून बसले होते. उकिरड्यापर्यंत घेऊनही गेले. पण ती बाई पाऊस झाला की नवा कागद लावते, आणि मी तिला मागे बसवले होते. त्या माणसाला मी बादली घेऊन शिव्या घातल्या, तेव्हा तो कुठे होता ते मला आता माहीत आहे. मी पेडल घेऊन परत घरी आले.

आज सकाळी मी ते पेडल ठोकळ्यासकट एका पांढऱ्या कापडात बांधून मागच्या सीटवर ठेवले. मग इथे यायला कालव्याच्या रस्त्याने निघाले. खांब आला. गाडी थांबली नाही. मला वाटले, सुटले. खांबापासून थोडे पुढे, पंपहाऊसच्या मागे, जिथे जुना पाट रस्त्याखालून मोरीतून कालव्याला मिळतो, तिथे डाव्या बाजूची नुसती उघडी पट्टी खाली गेली. हळू, पहिल्यासारखीच. गाडी थांबली. मी उतरून मोरीच्या तोंडाशी गेले. वर वेली वाढल्या आहेत, आत गाळ आहे, आणि बाहेरून काही दिसत नाही. हे त्या दिवशी कमरेपर्यंत ओले होते. मी माझ्या ओढणीची कड फाडून तिथल्या कठड्याला बांधली आहे. ती जागा उपसून पाहावी, अशी माझी विनंती आहे.

परत गाडीत बसले तेव्हा पट्टी वर आली होती. चौकीपर्यंत ती पुन्हा हलली नाही. मोरीपासून इकडे मला गाडीत एकटे वाटले, आणि तसे वाटून बरे वाटले नाही.

पेडल, ठोकळा आणि तार मी साहेबांच्या टेबलावर ठेवली आहेत. गाडी जप्त करणार असे कळले, माझी हरकत नाही. साहेबांनी त्या बाईला बोलावून घेतले आहे. ती बाहेर बाकावर बसली आहे. दारातून मला तिचा निळा गणवेश दिसतो आहे. तिला काय सांगायचे ते आम्ही सांगू, असे साहेब म्हणाले. मी नको म्हणाले. पाणी आले नाही त्या दिवसापासून तिला मीच सांगणार आहे, आणि मागे बसवले तेही सांगणार आहे.

इथपर्यंतचे सगळे साहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवले आणि मी कान देऊन ऐकले. मी सांगितले तसेच ते उतरले आहे. वाचत असताना एका ठिकाणी मी त्यांना थांबवले. 'माझा पाय पोचावा म्हणून यांनी ठोकळा लावला होता' असे जे वाक्य आहे, ते खोडा म्हणाले. साहेबांनी पेन उचलले आणि मग खाली ठेवले. म्हणाले, "राहू द्या, काकू. तेव्हा तुम्हाला तसंच वाटत होतं ना?" मी हो म्हणाले. म्हणून ते वाक्य तसेच ठेवले आहे. बाकी मजकूर बरोबर आहे, आणि खाली सही माझी आहे.